दुखणं अंगावर काढून मॅरेथॉन होत नाही

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. बेचाळीस किलोमीटरच्या तयारीचं रूढ वेळापत्रक सोळा ते अठरा आठवड्यांचं. जानेवारीतून तेवढे आठवडे मागे मोजत आलं की सप्टेंबर येतो. गणपती, नवरात्र, ऑक्टोबरचा उकाडा, दिवाळी या सगळ्यांतून वाट काढत रविवारचे लाँग रन वाढत जातात : १६, २०, २४, २८, ३२ किलोमीटर. कागदावर ही रेघ सरळ वर चढते. पाय मात्र तसे चढत नाहीत. दसऱ्याच्या सुमाराला कुणाच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागते, कुणाची टाच सकाळी पलंगावरून उतरताना टेकवत नाही, कुणाची नडगी जिना उतरताना ठणकते. चार-आठ दिवस धावणं थांबवलं की बरं वाटतं. पुन्हा अंतर वाढवलं की तेच दुखणं, त्याच जागी, परत हजर.

यावर आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे दुखणं अंगावर काढणं. नी-कॅप चढवायची, निळी-काळी टेप लावायची, स्प्रे मारायचा, शर्यतीच्या दिवशी एक गोळी घ्यायची आणि पळायचं. असं पळून शर्यत पूर्ण करणाऱ्याचं कौतुक होतं, त्याच्या गळ्यातल्या पदकाचे फोटो गटात फिरतात. डिसेंबरमध्ये शहाणपणाने नाव मागे घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र सहानुभूती येते, तीही जेमतेम. हा हिशेब उलटा आहे. पुन्हा पुन्हा होणारी दुखापत हा नशिबाचा भाग नसतो आणि जिद्द कमी पडल्याचा पुरावा तर नसतोच. बहुतेक वेळा ती सरावाच्या आखणीतली चूक असते आणि म्हणूनच ती दुरुस्त करता येते.

धावणाऱ्यांच्या दुखापती किती सर्रास होतात हे आधी पाहू. २०१५ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून दर हजार तासांच्या धावण्यामागे किती दुखापती होतात याचा अंदाज काढला. हौशी पण सरावलेल्या धावपटूंमध्ये हा आकडा ७.७ होता, नवख्यांमध्ये १७.८. म्हणजे दुपटीहून जास्त. दुखापतीच्या जागांमध्ये गुडघ्याचा क्रमांक बहुतेक अभ्यासांत पहिला लागतो. आणि पुढच्या दुखापतीचा सर्वांत भरवशाचा इशारा कोणता, याचं उत्तर जवळपास सगळीकडे एकच मिळतं : मागची दुखापत. एकदा दुखावलेला धावपटू पुन्हा दुखावण्याची शक्यता जास्त असते, कारण पहिल्या वेळचं कारण बहुधा तसंच राहिलेलं असतं.

हे कारण शोधायचं तर शरीराचा वेग समजून घ्यावा लागतो. नियमित धावायला लागल्यावर दीड-दोन महिन्यांत दम वाढतो. हृदय आणि फुप्फुसं पटकन जुळवून घेतात. स्नायूही फार मागे राहत नाहीत. स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे आणि खुद्द हाड यांना मात्र महिनोन्महिने लागतात. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी जुना, थकलेला भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. या दुरुस्तीला तीन-चार महिने जातात आणि मधल्या काही आठवड्यांत ती जागा आधीपेक्षा कच्ची असते. नेमक्या त्याच वेळी धावपटूचा दम वाढलेला असतो, त्याला आपण कितीही पळू शकतो असं वाटत असतं. मॅरेथॉनमध्ये पावलं पडतात चाळीस हजारांच्या आसपास, आणि प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. दम तयार आणि हाड अर्धवट तयार, या तफावतीतून नडगीचे, पावलाचे, मांडीच्या हाडाचे सूक्ष्म तडे जन्माला येतात. त्यांनाच डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

तफावत टाळायला धावण्याच्या गटांमध्ये एक नियम सांगितला जातो : आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. नियम सोपा आहे, पण त्याची परीक्षा घेतली गेली तेव्हा तो फारसा उपयोगी ठरला नाही. नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या धावपटूंचे दोन गट केले गेले. एका गटाने दहा टक्क्यांच्या नियमानुसार तेरा आठवडे हळूहळू तयारी केली, दुसऱ्याने नेहमीच्या पद्धतीने आठ आठवड्यांत. २००८ साली निकाल आला. दुखापतींचं प्रमाण पहिल्या गटात २०.८ टक्के, दुसऱ्यात २०.३ टक्के. फरक नाहीच.

मग बघायचं कशाकडे? २०२५ साली डेन्मार्कच्याच आर्हुस विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासाने याचं बरंच स्पष्ट उत्तर दिलं. सुमारे ५,२०० धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदी दीड वर्ष तपासल्या गेल्या. आठवड्याच्या बेरजेशी दुखापतीचा अपेक्षित संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो एकाच वेळच्या धावेशी. गेल्या तीस दिवसांत जी सर्वांत लांब धाव झाली, तिच्यापेक्षा आजची धाव दहा ते तीस टक्क्यांनी जास्त असेल, तर दुखापतीचा धोका ६४ टक्क्यांनी वाढला. आजची धाव दुपटीहून जास्त असेल, तर धोकाही दुपटीच्या वर गेला.

दुखापत परत का येते, हे या निष्कर्षातून नीट उलगडतं. समजा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला कुणाचा लाँग रन २४ किलोमीटरपर्यंत पोचला आणि गुडघा दुखला. त्याने महिन्याहून जास्त विश्रांती घेतली, मधल्या काळात दोनदा आठ-आठ किलोमीटर हळू पळून पाहिलं. गुडघा शांत झाला. वेळापत्रक आता २८ वर गेलेलं आहे. आधीच उशीर झाला म्हणून तो थेट २६-२८ पळायला निघतो. त्याच्या मनात अजून ‘२४ झालेलेच आहेत’ असतं, पण गेल्या तीस दिवसांतली त्याची सर्वांत लांब धाव आठ किलोमीटरची आहे. त्याने तिपटीहून मोठी उडी घेतली आहे. गुडघा पुन्हा दुखला की तो नशिबाला दोष देतो, बुटांना दोष देतो, वयाला दोष देतो. दोष असतो तो बुडालेले आठवडे भरून काढण्याच्या घाईचा. विश्रांतीनंतर वेळापत्रकात जिथे सोडलं होतं तिथे परतायचं नसतं. आठपासून थोडं थोडं करत पुन्हा चढावं लागतं. जानेवारीपर्यंत ते जमत नसेल, तर त्या जानेवारीत पूर्ण मॅरेथॉन पळायची नसते. हे स्वीकारणं जड जातं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

जगातल्या सर्वोत्तम धावपटूंनाही ते जड गेलं आहे. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफने २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विक्रम केला. तो २०१९ पर्यंत टिकला. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक तिचंच असं सगळे धरून चालले होते. शर्यतीच्या काही दिवस आधी तिचा पाय दुखावला. सूज उतरवणारी औषधं तिने घेतली, त्यांनी पोट बिघडलं, अन्न अंगी लागेना आणि सुमारे ३६ किलोमीटरवर ती रस्त्याच्या कडेला थांबली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यू यॉर्क मॅरेथॉन जिंकली. २००८ मध्ये पुन्हा तेच. वर्षाच्या मध्याला मांडीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, घाईघाईने बीजिंग ऑलिम्पिकची तयारी आणि २३ वा क्रमांक. त्याच वर्षी नोव्हेंबरात, पाय पुरता बरा झाल्यावर, पुन्हा न्यू यॉर्कमध्ये विजय. २०१२ ला तर तिच्या घरच्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पायाच्या दुखण्यामुळे तिला उतरताच आलं नाही. तीच धावपटू, तीच जिद्द. अथेन्सला आणि बीजिंगला शरीराकडे वेळ नव्हता, न्यू यॉर्कला होता, एवढाच काय तो फरक.

यावर धावपटू एक नाव हमखास पुढे करतात : जोन बेनॉइट. अमेरिकेच्या या धावपटूच्या उजव्या गुडघ्यावर २५ एप्रिल १९८४ रोजी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. सतरा दिवसांनी, १२ मे रोजी, तिने ऑलिम्पिकची निवड चाचणी जिंकली. ५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये महिलांच्या पहिल्यावहिल्या ऑलिम्पिक मॅरेथॉनचं सुवर्णपदक २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत पटकावलं. ‘ती सतराव्या दिवशी पळाली, आपण काय रडतोय?’ असा सवाल मग केला जातो. पण या गोष्टीतला महत्त्वाचा भाग सांगायचा राहून जातो. गुडघा अडकायला लागल्यावर बेनॉइट त्याच गुडघ्यावर शर्यतीपर्यंत रेटत राहिली नाही. कारण शोधलं, ते काढून टाकलं आणि पाय चालत नव्हते त्या दिवसांत व्यायामाच्या सायकलचे पेडल हातांनी फिरवून दम राखला. एवढं करूनही घाईने परतल्याची किंमत तिने मोजलीच : चाचणीच्या तोंडावर दुसऱ्या पायाचा मांडीमागचा स्नायू दुखावला. तिच्या पाठीशी बालपणापासूनचा खेळ होता, आदल्याच वर्षी बॉस्टनला केलेली २ तास २२ मिनिटे ४३ सेकंदांची विक्रमी मॅरेथॉन होती आणि दिवसभर दुसरं काम नव्हतं. सकाळी पाचला पळून नऊची लोकल गाठणाऱ्याने तिच्याकडून हाताने फिरवलेले पेडल उचलावेत, सतरा दिवस नकोत.

इथिओपियाचा केनेनिसा बेकेले तर ट्रॅकवरचा सम्राट. पोटरीच्या दुखण्याने त्याला २०१० पासून छळलं. मॅरेथॉनमध्ये आल्यावर दुबई आणि बर्लिन या २०१७ मधल्या, तसंच ॲमस्टरडॅमची २०१८ मधली अशा शर्यती त्याने अर्धवट सोडल्या. त्याचा काळ संपला असं बोललं जाऊ लागलं. सप्टेंबर २०१९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो बर्लिनला २ तास १ मिनिट ४१ सेकंदांत पळाला. तेव्हाच्या जागतिक विक्रमापेक्षा फक्त दोन सेकंद जास्त. आपल्याकडचं उदाहरण बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं. स्टीपलचेस ही त्याची मुख्य शर्यत, पण २०२० मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन त्याने १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला होता. घोट्याच्या दुखापतीने २०१८ ची आशियाई स्पर्धा त्याच्या हातून गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने भुवनेश्वरला स्टीपलचेसचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि पुढची आशियाई स्पर्धा झाली तेव्हा सुवर्णपदक जिंकलं. हातची स्पर्धा सोडावी लागली म्हणून त्याची कारकीर्द संपली नाही.

सोडायचं म्हणजे पलंगावर पडून राहायचं, असाही गैरसमज आहे. दुखऱ्या भागाला झेपेल एवढा भार देत राहणं हाच बहुतेक दुखण्यांवरचा उपचार आहे. याची सुंदर गोष्ट स्वीडनमध्ये घडली. हाकन आल्फ्रेडसन हे अस्थिशल्यविशारद स्वतः धावायचे. टाचेच्या वरचा जाड कंडरा, अकिलीस, त्यांना सतावत होता. शस्त्रक्रिया करून घ्यायची होती, वरिष्ठ तयार होईनात. कंडरा तुटलाच तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, म्हणून त्यांनी त्याच्यावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली. कंडरा तुटायच्या ऐवजी बरा झाला. मग १९९८ मध्ये त्यांनी पंधरा हौशी खेळाडूंवर हीच पद्धत रीतसर वापरली आणि बारा आठवड्यांनी ते सगळे पुन्हा पळू लागले.

हा व्यायाम घरच्या जिन्यावर होतो. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं, कठड्याला हात लावायचा. दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच पायरीच्या पातळीखाली सावकाश उतरवायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून आणखी तीन. हे सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे, रोज. सुरुवातीला दुखतं आणि तेवढं दुखणं चालतं. यात दिखाऊ काही नाही, म्हणूनच बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. अर्थात दुखणं कंडऱ्याचंच आहे याची खात्री फिजिओकडून आधी करून घ्यायला हवी.

स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही असाच दुर्लक्षित. २०१४ साली पंचवीस चाचण्या आणि २६ हजारांवर खेळाडूंची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाहूनही कमी उरल्याचं दिसलं. नुसतं ताणून घेण्याचा, म्हणजे स्ट्रेचिंगचा, तसा फायदा आढळला नाही. आपल्या बागांमध्ये आणि मैदानांवर धावून झाल्यावर गोल करून ताणण्याचे व्यायाम हमखास होतात. बैठका, एका पायावरच्या उठाबशा, पोटऱ्यांचे व्यायाम मात्र ‘वेळ मिळाला तर’ या सदरात जातात. आठवड्यातली एक धाव कमी करून तो वेळ त्यांना द्यायला हवा.

आहाराचंही तेच. धावणं वाढवायचं आणि जेवण तेवढंच ठेवायचं, किंवा वजन उतरवायला कमी करायचं, याने हाडं कमकुवत होतात. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणं किंवा बंद पडणं हा त्याचा पहिला इशारा असतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या प्रश्नावर स्वतंत्र निवेदन काढलं, ते यासाठीच. मुंबईच्या तयारीत नवरात्राचे उपवास नेमके अंतर वाढण्याच्या दिवसांत येतात. नऊ दिवस साबुदाणा आणि वरईवर राहून २४ किलोमीटर पळणं हाडांना परवडत नाही. उपवास करायचे तर त्या आठवड्यात अंतर कमी ठेवावं.

सर्वांत काळजीची गोष्ट गोळ्यांची. २०१० च्या बॉन मॅरेथॉनमध्ये सुमारे चार हजार धावपटूंना विचारणा झाली. जवळपास निम्म्यांनी शर्यतीआधी वेदनाशामक घेतलं होतं. गोळी घेतलेल्यांपैकी १६ टक्क्यांना शर्यतीत किंवा नंतर पोटाचे, हृदयाचे किंवा अन्य त्रास झाले, न घेतलेल्यांपैकी चार टक्क्यांना. नऊ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ते सगळे गोळी घेतलेले होते. आयबुप्रोफेन घेतलेल्या तिघांची मूत्रपिंडं तात्पुरती बंद पडली होती. जानेवारीतही मुंबईची हवा दमट असते, घामाने शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं आणि मूत्रपिंडांवर ताण असतोच. त्यात ही गोळी ढकलणं हा जिवाशी खेळ आहे.

या सगळ्यावर घरच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला ठरलेला : पळणं सोड, गुडघे झिजतील. तोही बरोबर नाही. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक, व्यावसायिक पातळीवर पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के आढळला. बेताने पळणाऱ्याचे गुडघे न पळणाऱ्यापेक्षा वाईट नसतात. तेव्हा धावणं सोडायचं नाही, ते बेताचं ठेवायचं.

पण बेत एकट्या धावपटूच्या हाती नसतो. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या शर्यतींमध्ये भरलेलं शुल्क परत मिळत नाही आणि नंबर दुसऱ्याला देता येत नाही. बाहेरगावहून येणाऱ्याने रेल्वेचं आरक्षण केलेलं असतं, राहण्याचे पैसे भरलेले असतात. डिसेंबरात पाय दुखावला तरी ‘पैसे वाया जातील’ म्हणून तो पळतो. न्यू यॉर्क मॅरेथॉनमध्ये ठरावीक प्रवेश प्रकारांतल्या धावपटूंना शर्यतीआधी नाव मागे घेऊन पुढच्या वर्षीची जागा राखता येते, शुल्क मात्र पुन्हा भरावं लागतं. मुंबई, पुणे, सातारा इथल्या संयोजकांनी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर एवढी सोय जरूर द्यावी. पूर्ण मॅरेथॉनऐवजी कमी अंतराच्या गटात उतरण्याची मुभाही द्यावी. शर्यतीच्या दिवशी वैद्यकीय तंबूत येणारी गर्दी त्याने कमी होईल.

धावण्याच्या गटांनीही आपला शिरस्ता बदलायला हवा. महिन्याला सर्वाधिक किलोमीटर करणाऱ्याचा सत्कार बंद करावा. प्रशिक्षकाने दर रविवारी किती पळालात हे विचारण्याआधी कुठे दुखतंय का हे विचारावं आणि दुखणाऱ्याला सगळ्यांदेखत घरी पाठवण्याची हिंमत ठेवावी. नाव मागे घेणाऱ्याला शर्यतीच्या दिवशी पाणी वाटपाच्या टेबलावर मानाने उभं करावं.

आणि ज्यांनी येत्या जानेवारीसाठी नाव नोंदवलं आहे, त्यांनी आज घड्याळातली नोंद उघडून गेल्या तीस दिवसांतली आपली सर्वांत लांब धाव किती होती ते पाहावं. पुढची धाव तिच्यापेक्षा दहा टक्क्यांहून मोठी नको. नडगीवर सगळीकडे पसरलेली ठसठस असेल, तर अंतर कमी करून फिजिओला दाखवा. पण एका बोटाने नेमकी दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा धावताना जांघेत खोल कळ येत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा बरेचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, एमआरआयची गरज आहे का हे डॉक्टरांना विचारा. रविवारचा लाँग रन रद्द केल्याचं गटाला कळवा आणि सोमवारी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.